चिंचेच्या पाल्यातले झिंगे

धुळ्याला देवपुरात माझी मसाला कांडपाची गिरणी आहे. दिवसभर मिरचीच्या खकाण्यात उभी राहून माझी जीभ तिखट झाली, असं आमचे हे म्हणतात. हे म्हणजे प्रेमराज, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. मी म्हणते, मिरचीला कशाला नावं ठेवता? जळगावजवळच्या असोद्याहून लग्न होऊन आले तेव्हाच मी तिखट होते, तुम्ही नीट पाहिलं नाही एवढंच.

पण एका बाबतीत मी मऊ होते. माझा भाऊ हितेंद्र. त्याच्याबद्दल कोणी शब्द काढला की मी अंगावर धावून जायची. सगळं कळतं तुला, फक्त भाऊ कळत नाही, असं प्रेमराज अहिराणीत चिडवायचे, "तुले बठ्ठं समजस, फक्त तुना भाऊ समजत नही." मी त्यांना म्हणायची, तुम्हाला बहीण नाही ना, म्हणून तुम्हाला जळजळ होते. आता तेच चिडवतील म्हणून अजून त्यांनाही सगळं सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते. पण मधे बोलू नका, माझी लय तुटते.

आधी झिंग्यांचं सांगते, कारण सगळं त्यांच्यावरूनच झालं.

आमचे आबा, तोताराम पाटील, गळ्यात माळ घातलेले. घरात कांदा-लसूण चालायचा, पण मासळीचं नाव नाही. मायला मात्र झिंगे भारी आवडायचे. तिचं माहेर तापीकाठचं, लहानपणापासून जिभेला चटक. मग आमच्याकडे एक तोड निघाली होती. गोठ्यामागे वेगळी चूल, वेगळं गाडगं, वेगळी पळी. ती भांडी घराच्या उंबऱ्याच्या आत यायची नाहीत. सुमनबाई भोईण डोक्यावर पाटी घेऊन मागच्या दारी यायची, माय पदराआड झिंगे घ्यायची, आणि आबा बरोब्बर त्याच वेळी केळीला पाणी द्यायला जायचे. परत आले की नाक ओढत विचारायचे, "आज काही जळालं का गं?" माय म्हणायची, "नही बापा." आणि आबा हसू दाबत हातपाय धुवायला जायचे. असा सगळा कारभार.

करंगळीएवढे झिंगे. त्यांची डोकी, मिशा काढायचं काम माझं आणि हितेंद्रचं. माय ते मीठ-हळद लावून कोरडेच परतायची, मग चुलीत भाजलेला कांदा, खोबरं, तीळ, लसूण, आमचा काळा मसाला, पाट्यावर वाटून. आणि उतरवताना मूठभर चिंचेचा कोवळा पाला. चैत्रात चिंचेला नवी पालवी फुटते ना, लालसर, तीच. तो पाला कोणी घालत नाही. त्या आंबटपणानं त्या कालवणाला अशी काही चव यायची, की बास. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी चुरून त्यात कालवायची आणि गोठ्यामागे बैलांकडे तोंड करून खायचं. माय पहिला घास स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात घालायची, दुसरा हितेंद्रच्या. "मोठीले आधी" म्हणायची. हितेंद्र चिडायचा. मला फार बरं वाटायचं तेव्हा. अजूनही आठवलं की तोंडाला पाणी सुटतं आणि डोळ्यालाही.

माझं लग्न झालं, आणि पुढच्याच वर्षी हितेंद्रला वरणगावजवळ हायवेला ट्रकनं उडवलं. मोटारसायकलचा चुराडा. तो जळगावच्या दवाखान्यात निपचित. डॉक्टर म्हणाले, आता वरच्याच्या हातात. आबा भिंतीला टेकून माळ ओढत बसलेले. मायनं माझा हात धरला आणि आम्ही दोघी बसनं मुक्ताईनगरला गेलो. आमच्याकडे रीत आहे, जीव वाचवायचा तर जिवाला आवडेल ती वस्तू सोडायची. नावडतं सोडून काय उपयोग, देवाला तेवढं कळतं. मी मुक्ताईपुढं उभी राहिले आणि म्हणाले, "माझा भाऊ उठून बसला तर मी झिंगे सोडले." साक्षीला माय.

आणि तो उठून बसला. मायनं मला तेव्हाच सांगितलं होतं, "पोरी, साक्षीदार मी हाये. कधी सुटलंच, तर पहिला घास माह्या हातानं. माह्या हाताबिगर खाऊ नको." हीही रीतच.

तेव्हापासून मी झिंग्याला शिवले नाही. सोपं नव्हतं हो. धुळ्यात कोणाकडे झिंगे शिजले तरी मला गल्लीच्या तोंडाशी कळायचं. माहेरी गेले की माय हितेंद्रसाठी करायची आणि मी समोर बसून त्याला खाताना बघायची. तो बोटं चाटायचा, मी म्हणायची, "खा रे, खा, माझ्या वाटचेही खा." खोटं नाही सांगत, मला त्यातच पोट भरल्यासारखं व्हायचं. भाऊ समोर जिवंत बसून जेवतोय, अजून काय पाहिजे बहिणीला?

पुढे आबा गेले. मायला ऐकू येईनासं झालं. फोनवर तिच्याशी बोलता यायचं नाही, त्यामुळे सगळे निरोप हितेंद्रमार्फत. "मायनं विचारलंय", "मायला सांग", असं चालायचं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटायचं कारणच काय होतं?

मागच्या वर्षी आखाजीला माहेरी गेले. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्याकडे लेकीबाळींचा सण, झोके, आमरस, सांजोऱ्या. गेल्या गेल्या लक्षात आलं, मायनं चहा सोडलाय. ही बाई कशी, तर उठल्यावर चहा, जेवल्यावर चहा, कोणी आलं की चहा, कोणी गेलं की चहा. कपात चमचा उभा राहील एवढी साखर. तिनं चहा सोडला? मी तिच्या कानाशी ओरडले, "काय गं, डॉक्टरनं बंद केला का?" माय माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "तुले ठावं नही का?" आणि तोंड फिरवून गव्हातले खडे वेचायला लागली. मला वाटलं, म्हातारपण, काहीतरी रुसवा असेल. चेष्टाही केली मी. म्हटलं, चहावाल्याचं दिवाळं निघेल आता.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी गोठ्यामागून वास आला. तोच वास. चिंचेच्या पाल्याचा. वाटलं, हितेंद्रसाठी चाललंय, नेहमीसारखं. पण या वेळी समोर बसवेना मला. वय झालं की जीभ जास्त हट्टी होते का काय कोण जाणे. मी उठले, चपला घातल्या आणि मारुतीच्या पारावर जाऊन बसले. वास विरला असेल असं वाटलं तेव्हाच परत आले. माय गोठ्यामागेच बसली होती. डोळे लाल. मी म्हटलं, धूर लागला का? ती चुलीतली राख सारत राहिली. ऐकू आलं नसेल असं मी धरून चालले.

श्रावणात माय गेली.

यंदाची आखाजी म्हणून मायच्या नावाची. गेलेल्या माणसाची पहिल्या वर्षी घागर भरतात, त्यावर छोटं मडकं, त्यावर खरबूज, आणि चुलीतल्या निखाऱ्यावर तूप-पोळीचा घास टाकतात. हितेंद्र मला घ्यायला धुळ्यापर्यंत आला होता. घागर भरताना रडला. मीच त्याला जवळ घेतलं. त्याची बायको ज्योती म्हणाली, "अक्का, तुम्ही आहात म्हणून यांना धीर आहे." मला फार भरून आलं. काय मूर्ख बाई मी!

दुसऱ्या दिवशी हितेंद्र केळीच्या मळ्यात गेला होता. मी मागच्या दारी भांडी घासत होते, तेवढ्यात सुमनबाई आली. पाटी आता डोक्यावर झेपत नाही, कमरेवर घेते. मला बघून टेकली.

"आली का वं कामिनी? मायची घागर भरली?"

"भरली."

तिनं कमरेची पाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "आता मेल्या मानसाचं काय काढावं. पन तू चांगलं नही केलं, पोरी. म्हातारीचा एक घास नही खाल्ला तू."

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "कोणता घास?"

"अवं, मागच्या आखाजीचा. मीच झिंगे आनले व्हते, निवडून निवडून. तुही माय घास हातात धरून बसली व्हती चुलीपाशी. आन तू तिच्यासमोरून पायात चपला घालून निंघून गेली. त्या घासाचं मंग तिनं काय केलं, ठावं हाये? कावळ्याले टाकला."

मी म्हटलं, "सुमनबाई, मी तर सोडलेत ना झिंगे. मायच साक्षीला होती."

"सोडले व्हते. मंग सोडवले ना तिनं!" सुमनबाई आता माझ्यावरच चिडली. "चैत्रात मले संगं घेऊन गेली मुक्ताईले. म्हने, पोरीनं भरल्या वयात सोडलं, आता माह्या जिवाचा भरोसा नही, मी गेल्यावर तिले घास कोन भरवीन? म्हनून बदली केली. पोरीचे झिंगे परत दे, माहा चहा घे. तिथंच देवळाभायेर शेवटचा चहा पेली ती, दोन कप. आन हितेंद्रले सांगलं, अक्काले फोन कर, म्हना आखाजीले ये, माय घास भरवते. त्यानं फोन केला. तू म्हने बोलली, मले नको, भावाच्या जिवाशी खेळू नका, माह्यापुढं विषय काढू नका."

मी असं काही बोलले नव्हते. मला असा फोनच आला नव्हता.

"माय म्हने, मी माह्या तोंडानं इचारते," सुमनबाई सांगत होती, "तं हितेंद्र म्हने, विषय काढू नको, ती रडते, तिचा बीपी वाढते. तरी तिनं झिंगे रांधले. म्हने, वास आला तं येईन माही पोरगी. आन तू..."

आणि मी उठून पारावर जाऊन बसले होते.

रडले नाही. रडू आलंच नाही, अंगाची नुसती आग आग झाली. "तुले ठावं नही का?" एवढंच डोक्यात घुमत होतं. मी चहावाल्याचं दिवाळं काढलं होतं हो! माय माझ्यासाठी चहा सोडून बसली होती आणि मी तिची चेष्टा करत होते, आणि तिला वाटत होतं, माझी लेक सगळं माहीत असून हसतेय.

मग मी सुमनबाईला म्हटलं, "झिंगे आहेत का पाटीत?"

"हायेत."

"दे."

ज्योती धावत आली. "अक्का, तुम्ही कशाला, मी करते, यांच्यासाठीच ना?" मी म्हटलं, "तू घरात जा. आज इथं कोणी यायचं नाही." माझा आवाज ऐकून ती गेली. गोठ्यामागची चूल मीच सारवली, पेटवली. मायचं गाडगं गोठ्यातच पालथं पडलं होतं, ते धुतलं. वाटण पाट्यावर वाटलं. दिवसभर गिरणीवर उभी राहणारी मी, त्या दिवशी खांदे भरून आले तरी पाट्यावरच वाटलं. शेजाऱ्यांच्या चिंचेचा पाला ओरबाडून आणला. उतरवताना मूठभर टाकला. वास उठला आणि मग मात्र मला रडू फुटलं. धुराचं निमित्त होतंच.

हितेंद्र मळ्यातून आला. वासावर थेट मागेच आला, चेहरा खुललेला. "अक्का, तू केले? अरे वा!"

"बस," मी म्हटलं.

त्याच्यापुढे मी ताट ठेवलं. मग दुसरं ताट वाढून माझ्यापुढे घेतलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी भाकरी चुरली, कालवली, घास केला आणि तोंडाशी नेला.

त्यानं झडप घालून माझं मनगट धरलं.

"नको, अक्का!"

"का रे? माय सोडवून आली होती ना मुक्ताईहून? तूच फोन केला होतास ना मला?"

त्याचा हात सैल पडला. मागे वळून त्यानं दाराकडे पाहिलं, ज्योती ऐकते की काय म्हणून. मग खाली बघत म्हणाला, "तुले कोनं सांगलं?" भेदरला की त्याची बोली गावची होते.

"ते सोड. फोन का नाही केलास?"

"करनार व्हतो, अक्का. आईची शप्पथ."

"तिची शपथ घेऊ नकोस. गेली ती."

तो रडायला लागला. एवढा बाप्या माणूस, मिशीवरून पाणी ओघळतंय. म्हणाला, माय बदली करून आली त्याच आठवड्यात त्याच्या छातीत कळ आली. मळ्यातच खाली बसला. त्याला वाटलं, झालं, नवस सुटला, आता ट्रकखालून हुकलेलं मरण परत धरतंय. तो एवढा भ्याला, की त्यानं ठरवलं, अक्कानं झिंग्याला हात लावता कामा नये. "मले मरायचं नव्हतं, अक्का. पोरं अजून शिकत हायेत."

"मग डॉक्टर काय म्हणाला?"

तो पुटपुटला.

"मोठ्यानं बोल."

"गॅस व्हता म्हने."

"गॅस!" मी एवढ्या जोरात ओरडले की बैल उठून उभे राहिले. "अरे मेल्या, तुझ्या गॅसपायी माझी माय रडत गेली! लेकीनं माझा घास झिडकारला असं मनात धरून गेली ती! मला म्हणाला असतास, अक्का, मला भीती वाटते, नको खाऊ. एका शब्दानं म्हणाला असतास! इतकी वर्षं नाही खाल्ले, पुढेही नसते खाल्ले. मायला मीच सांगितलं असतं, गळ्यात पडून सांगितलं असतं. मी कधी नाही म्हटलंय तुला?"

"नही, अक्का."

"मग माझ्या नावानं खोटं का बोललास? आणि नंतर? डॉक्टरनं सांगितल्यावर तरी? आखाजी पुढेच होती. माय श्रावणापर्यंत होती. एकदा तिच्या कानाशी ओरडायचं होतं फक्त."

तो आपला, "चुकलं अक्का, चुकलं," करत राहिला. मग काय मनात आलं कोण जाणे, डोळे पुसून त्यानं माझ्या ताटातला घास उचलला. "मी भरवतो तुले. खा तू. होईन ते होईन."

मी त्या घासाकडे पाहिलं. चिंचेची पानं दिसत होती त्यात. खरं सांगते, भूक लागली होती मला. इतक्या वर्षांची भूक होती.

"तुझ्या हातानं नाही," मी म्हटलं. "ज्या हातानं खायचे होते तो हात गेला."

माझं ताट मी त्याच्या ताटात उपडं केलं. मग घरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. ज्योती कोपऱ्यात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं, तिनंच दूध पुढे केलं. मी आलं ठेचून घातलं, साखर घातली, अजून घातली, चमचा उभा राहील एवढी. काल घागरीपुढे पोळी ठेवली होती, सांजोरी ठेवली होती, आमरस ठेवला होता. चहा कोणालाच आठवला नव्हता.

कप घेऊन मी गोठ्यामागे आले आणि मायच्या चुलीपाशी ठेवला. हात जोडले. मोठ्यानं बोलले, कारण तिला ऐकू येत नाही.

"माय, मी झिंगे खाल्ले नाहीत. मग तू चहा कशाला सोडायचा? तुझी बदली मी मोडली. मुक्ताईला सांग, कामिनीचे झिंगे कामिनीनंच सोडलेत, होते तसे. तू चहा पी."

वाफ कपावरून वर जात होती. मी मान वळवून हितेंद्रकडे पाहिलं. का पाहिलं कोण जाणे. वाटलं असेल, आता तरी हा कोसळेल, पाया पडेल, नको अक्का म्हणेल, मोड तो नवस, मला जे व्हायचं ते होऊ दे म्हणेल.

त्यानं छातीवर हात ठेवला होता. आणि मला स्वच्छ ऐकू आलं, त्यानं मोकळा श्वास सोडला.

मी आत गेले, पिशवी भरली आणि धुळ्याची गाडी धरली.